ट्रॉलीच्या कामासाठी परवडणारा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर कसा निवडावा

ट्रॉलीसाठी ट्रॅक्टर घ्यायला गेलेल्या माणसाला शोरूममध्ये पहिला प्रश्न विचारला जातो तो किती एचपीचा (अश्वशक्तीचा) हवा, आणि दुसरा, टू व्हील की फोर व्हील, म्हणजे इंजिनाने फक्त मागची दोन चाके फिरणारा की चारही. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोरूममध्ये मिळत नाहीत. ती उसाच्या फडापासून डांबरी रस्त्यापर्यंतच्या पाणंदीत, वजनकाट्याच्या पावत्यांत आणि वाटेतल्या उतारावर मिळतात. हा लेख पश्चिम महाराष्ट्रातील ऊसवाहतूक डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे, कारण भारी काळी जमीन, जड ट्रॉल्या आणि हंगामभर रोज चालणारे काम या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. कांदा, शेणखत, वीट किंवा मुरूम वाहणाऱ्यालाही हाच हिशेब लागू पडतो.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. ट्रॅक्टर किती भार ओढतो यापेक्षा किती भार सुरक्षित थांबवू शकतो, यावर ट्रॉलीचे वजन ठरले पाहिजे. आणि फोर व्हील ड्राइव्हसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण जितके चिखलात आहे, तितकेच ते उतारावर आहे.

आधी वाट मोजावी, मग भार

आपली नेहमीची खेप जिथून निघते तिथून ती जिथे रिकामी होते तिथपर्यंतची वाट एकदा पायी किंवा दुचाकीवरून पाहावी आणि तिच्यातल्या सर्वांत वाईट दोन-तीन जागा वहीत लिहून ठेवाव्यात. बहुतेक ठिकाणी या जागा ठरलेल्या असतात: नुकतेच पाणी दिलेल्या शेजारच्या रानाची ओल उतरलेला कोपरा, शेतातून पाणंदीवर चढायचा खडा चढ, ओढ्यावरचा फरशी पूल आणि कारखान्याच्या अलीकडचा एखादा लांब उतार. बाकीची दहा-पंधरा किलोमीटर वाट कितीही चांगली असली, तरी ट्रॅक्टरची निवड या जागाच ठरवतात.

चढ-उताराचा अंदाज नजरेने घेऊ नये, कारण नजर हमखास फसते. दहा फुटांची सरळ फळी घेऊन तिचे एक टोक चढाच्या वरच्या बाजूस टेकवावे, गवंड्याची पाणसळ ठेवून फळी समतल करावी आणि दुसऱ्या टोकाखाली जमिनीपर्यंत उरलेले अंतर मोजावे. हे अंतर एक फूट भरले तर चढ दहास एक आहे, आणि सहा इंच भरले तर वीसास एक.

भारासाठी गेल्या हंगामातल्या वजनकाट्याच्या पावत्या काढाव्यात. त्यांवर भरलेले आणि रिकामे अशी दोन्ही वजने असतात. आपल्याला इथे केवळ मालाचे वजन नको, तर ट्रॉलीसह एकूण वजन हवे, कारण ट्रॅक्टरला ओढावे आणि थांबवावे लागते ते एकूण वजन. सरासरी न घेता सर्वांत जड खेप धरावी.

ओढ कशावर ठरते

इंजिन कितीही ताकदवान असले, तरी चाकाला जमिनीची पकड मिळेल तेवढीच ओढ जमिनीपर्यंत पोहोचते. ही पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते: फिरणाऱ्या चाकांवर ट्रॅक्टरचे किती वजन आहे आणि जमीन कशी आहे. ढोबळ हिशेबासाठी चाकावरील वजनाच्या, कोरड्या डांबरावर ७० टक्के आणि वाफसा न आलेल्या काळ्या रानात ४० टक्के इतकी ओढ मिळते, असे धरता येते. दुसऱ्या बाजूला, भरलेली ट्रॉली सपाट डांबरावर हलवायला तिच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास ओढ पुरते, तर ओल्या मऊ रानात चाके रुतल्यामुळे १२ टक्के किंवा त्याहूनही अधिक लागते. दहास एक चढ आला, तर त्यात आणखी १० टक्क्यांची भर पडते.

आता ४५ ते ५० एचपीच्या गटातले दोन ट्रॅक्टर समोर ठेवू. टू व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरचे वजन २,१५० किलो धरले, तर मागच्या चाकांवर सुमारे १,४०० किलो येते आणि ओल्या रानात त्याला ५६० किलोंची ओढ मिळते. फोर व्हील ड्राइव्हचे वजन २,४०० किलो धरले, तर चारही चाके फिरत असल्यामुळे सगळे वजन कामी येऊन ९६० किलोंची ओढ मिळते. म्हणजे सपाट पण ओल्या रानात पहिला ट्रॅक्टर साधारण साडेचार टनांची ट्रॉली हलवेल, तर दुसरा आठ टनांची. ओढताना पुढचा थोडा भार मागच्या चाकांवर सरकतो, त्यामुळे प्रत्यक्षात हा फरक किंचित कमी भरतो. पण जिथे एक ट्रॅक्टर रुततो आणि दुसरा निघून जातो, त्याचे कारण हेच आहे.

हाच हिशेब दहास एक अशा ओल्या चढावर करून पाहिला, की आणखी एक गोष्ट उघड होते. तिथे ट्रॅक्टरला स्वतःचे वजनही वर चढवायचे असते. ते वजा केल्यावर फोर व्हील ड्राइव्हच्या वाट्याला जेमतेम सव्वातीन टनांची ट्रॉली उरते आणि टू व्हीलच्या वाट्याला दीड टनाची. भरलेली दहा टनांची ट्रॉली अशा चढावरून यांपैकी कोणताही ट्रॅक्टर काढू शकत नाही. म्हणून ज्याची अडचण केवळ एका चढाची आहे, त्याने ट्रॅक्टर बदलण्याआधी तो चढ कापून लांब करावा आणि त्यावर मुरूम टाकून दाबून घ्यावा. अनेकांचा फोर व्हील ड्राइव्हचा खर्च मुरमाच्या काही खेपांत वाचू शकतो, आणि हे विक्रेता सांगणार नाही.

ट्रॉली कोणत्या प्रकारची आहे यानेही फरक पडतो. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार हुकावर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो आणि पकड वाढवतो. मात्र तो जास्त झाला तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकेनासे होते. फोर व्हील ड्राइव्हचा पुढचा एक्सल जड असल्यामुळे असा भार त्याला अधिक पेलतो. चारचाकी ट्रॉली आपले वजन स्वतःच्याच चाकांवर घेते, त्यामुळे तिथे ट्रॅक्टरला पकडीसाठी स्वतःच्या वजनावरच भिस्त ठेवावी लागते. डबल ट्रॉली, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या, वाहणाऱ्याने म्हणूनच हलका ट्रॅक्टर टाळावा. एकाच एचपीच्या दोन ट्रॅक्टरांच्या वजनात काही शे किलोंचा फरक असू शकतो. हलका ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीला चांगला, ट्रॉलीला जड बरा.

थांबवण्याचा हिशेब

या भागाकडे खरेदीच्या वेळी सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि जीव जातात ते इथेच, म्हणून तो सविस्तर मांडतो. आपल्याकडच्या बहुसंख्य ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात आणि बहुसंख्य ट्रॉल्यांना ब्रेक नसतात. वीस टनांची डबल ट्रॉली आणि २,४०० किलोंचा ट्रॅक्टर मिळून २२.४ टनांचा हा लोंढा मागच्या दोन चाकांच्या पकडीवर थांबवायचा असतो. त्या चाकांवर सुमारे १,४४० किलो वजन धरले, तर कोरड्या डांबरावर हजार किलोंच्या आसपास रोध मिळतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने सपाटीवर जाताना पूर्ण ब्रेक दाबल्यावर हे वाहन थांबायला सुमारे ३८ मीटर लागतात. वीसास एक उतारावर त्याच वेगाने, त्याच ब्रेकने, हे अंतर १६० मीटरवर जाते. चालकाला ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही, आणि रस्ता ओला असेल तर असे वाहन त्या उतारावर थांबणारच नाही, अशी शक्यता मोठी आहे.

फोर व्हील ड्राइव्ह गुंतवलेला, म्हणजे चालू केलेला, असताना मागच्या चाकांचा ब्रेक मधल्या शाफ्टमधून पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो आणि ट्रॅक्टरचे सगळे वजन थांबवण्याच्या कामी येते. वरच्याच उतारावर हिशेब केला तर १६० मीटरचे अंतर ५५ मीटरपर्यंत खाली येते. हा आदर्श परिस्थितीचा आकडा आहे, तरीही फरक केवढा आहे हे त्यावरून कळते. डांबरी रस्त्यावर फोर व्हील एरवी काढून ठेवायचा असतो. जड भार घेऊन उतार उतरताना मात्र तो गुंतवावा, असे अनेक उत्पादक आपल्या पुस्तिकेत सांगतात. आपल्या मॉडेलची पुस्तिका काय सांगते ते खरेदीपूर्वीच वाचावे.

याच कारणासाठी तीन गोष्टींची पाहणी करावी. ब्रेक तेलात बुडालेले, म्हणजे ऑइल इमर्स्ड आहेत का ते पाहावे, कारण कोरडे ब्रेक चिखलापाण्याने आणि लांब उतारावरच्या उष्णतेने लवकर निकामी होतात. डाव्या आणि उजव्या ब्रेकची पेडल एकत्र जोडणारी खिटी घट्ट बसते का ते पाहावे. रस्त्यावर ती कायम लावलेली असली पाहिजे, नाहीतर एकाच चाकाला ब्रेक लागून ट्रॅक्टर आडवा होतो. आणि ट्रॉलीला हायड्रॉलिक ब्रेक बसवता यावेत यासाठी ट्रॅक्टरला वेगळी तेलाची जोडणी किंवा ट्रेलर ब्रेक व्हॉल्व्ह मिळतो का, हे विचारावे. माझा आग्रह असा, की महागडा ट्रॅक्टर आणि बिनब्रेकच्या ट्रॉल्या घेण्यापेक्षा एक पायरी खालचा ट्रॅक्टर घेऊन उरलेल्या पैशांत ट्रॉल्यांना ब्रेक बसवावेत.

एचपी किती घ्यावा

एचपी वेग ठरवते. ४५ एचपीच्या इंजिनातून चाकांपर्यंत साधारण ३४ एचपी पोहोचते असे धरले, तर १,५०० किलोंची ओढ लागणाऱ्या चढावर ट्रॅक्टर ताशी सहा किलोमीटर वेगाने चढेल. ५५ एचपीचा ट्रॅक्टर तोच चढ ताशी सव्वासात किलोमीटरने चढेल. दिवसाच्या खेपा वाढवायच्या असतील आणि वाट लांब असेल, तर हा फरक मोलाचा. पंधरा किलोमीटरच्या आत कारखाना असेल आणि अर्धा दिवस नंबर लागण्याची वाट पाहण्यातच जात असेल, तर त्याला फारसा अर्थ उरत नाही.

परवडण्याच्या दृष्टीने ५० एचपी ही एक महत्त्वाची रेषा आहे. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरील ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे ट्रेम स्टेज ४ हे निकष लागू झाले, त्यामुळे त्या गटात इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची कॉमन रेल इंजिने आली आणि किमतीही चढल्या. त्या रेषेच्या आतल्या ट्रॅक्टरांत डिझेलचा साधा यांत्रिक पंप मिळतो आणि तो तालुक्याच्या गावचा मिस्त्री दुरुस्त करू शकतो. ऐन हंगामात ट्रॅक्टर बंद पडून लॅपटॉप घेऊन येणाऱ्या तंत्रज्ञाची वाट पाहावी लागणे ज्याला परवडणार नाही, त्याने ४५ ते ५० एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह घ्यावा, असे मी सुचवेन. या गटात आणि आसपास महिंद्रा युवो टेक प्लस ५७५, स्वराज ७४४, जॉन डिअर ५०५० डी, कुबोटा एमयू ४५०१, सोलिस ५०१५ अशी मॉडेले फोर व्हीलमध्ये मिळतात. यांतून निवड करताना कंपनीच्या नावापेक्षा आपल्या गावापासून सर्वांत जवळच्या सेवा केंद्रात पुढच्या एक्सलचे सुटे भाग ठेवलेले आहेत का, हे मोलाचे.

जाहिरातीतल्या आकड्यांवर न थांबता मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय शेतीयंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा त्या मॉडेलचा चाचणी अहवाल मागावा. त्यात पीटीओची, म्हणजे अवजारे फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टची, प्रत्यक्ष शक्ती, अधिक वजन लावून आणि न लावता मोजलेली ड्रॉबारची (खालच्या हुकाची) कमाल ओढ, ब्रेकची चाचणी आणि डिझेलचा खप हे सारे दिलेले असते. विक्रेत्याकडे अहवाल नसेल, तर तो मागवून देईपर्यंत बयाणा देऊ नये.

पुढचा एक्सल, टायर आणि जोडणी

आपल्याकडच्या फोर व्हील ट्रॅक्टरांची पुढची चाके मागच्यांपेक्षा लहान असतात आणि गिअरची रचना अशी असते, की फोर व्हील गुंतवल्यावर पुढची चाके मागच्यांपेक्षा १ ते ५ टक्के पुढे धावू पाहतात. मऊ रानात हा फरक जमीन सामावून घेते. कोरड्या डांबरावर मात्र तो टायर झिजवतो आणि शाफ्ट-गिअरांवर ताण आणतो. म्हणूनच टायर बदलताना मूळ आकाराचेच घ्यावेत आणि पुढचे अगदी गुळगुळीत तर मागचे कोरे अशी जोडी टाळावी.

जुन्या ट्रॅक्टरवर ही जोडी जुळते का ते घरी तपासता येते. पुढच्या आणि मागच्या एकेका चाकावर खडूची खूण करावी, फोर व्हील काढून सपाट मातीच्या घट्ट जागेवर मागच्या चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि तेवढ्यात पुढच्या चाकाचे किती फेरे झाले ते मोजावेत. मग फोर व्हील गुंतवून तेच पुन्हा करावे. दुसऱ्या वेळी पुढच्या चाकाचे फेरे थोडे अधिक भरले पाहिजेत. ते कमी भरले, किंवा ५ टक्क्यांहून बरेच अधिक भरले, तर टायरांचा मेळ चुकलेला आहे.

ट्रॉली नेहमी ड्रॉबारला, म्हणजे खालच्या हुकाला जोडावी. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, जागी किंवा उंचावर कुठेही जोडलेली ट्रॉली चढावर पुढची चाके उचलते आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. फोर व्हीलचे जड तोंडसुद्धा यातून वाचवत नाही. पिनेला क्लिप असावी आणि सोबत साखळी असावी. फोर व्हील ट्रॅक्टर वळायला जास्त जागा घेतो, तेव्हा अरुंद बांधांच्या शिवारात वळणाची त्रिज्या पाहूनच मॉडेल ठरवावे. पॉवर स्टिअरिंगशिवाय फोर व्हील घेऊ नये.

जुना ट्रॅक्टर घ्यायचा असेल तर

जुन्या फोर व्हीलमध्ये सर्वांत महाग दुरुस्ती पुढच्या एक्सलची असते. पुढच्या हबजवळ आणि वळणाच्या सांध्याजवळ तेल पाझरलेले दिसले, तर आत चिखलपाणी गेल्याची शक्यता धरावी. तेलाचा बोल्ट सैल करून थोडे तेल हातावर घ्यावे: दुधाळ रंग म्हणजे पाणी, आणि चकाकणारे कण म्हणजे गिअरांची झीज. मधल्या शाफ्टचे सांधे हाताने हलवून पाहावेत. एक्सलच्या मधल्या पिनेतली ढिलाई जॅक लावून पाहावी. नंतर मऊ रानात फोर व्हील गुंतवून पुढे-मागे जाऊन, कडाडल्यासारखा आवाज येतो का ते ऐकावे. बाकी क्लच, इंजिनचा धूर, हायड्रॉलिक यांची तपासणी कोणत्याही ट्रॅक्टरप्रमाणेच करावी.

कागदांत आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते पाहावे. असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना हरकत पत्र, नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर फॉर्म २८ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये.

प्रात्यक्षिक आपल्या रानात

नव्या ट्रॅक्टरचे प्रात्यक्षिक विक्रेता देतो, पण ते बहुधा नांगराने आणि त्याच्या सोयीच्या जागी असते. आपण आपली भरलेली ट्रॉली, आपली पाणंद आणि वहीत लिहिलेल्या त्या वाईट जागा यांचा आग्रह धरावा. आधी फोर व्हील काढून, मग गुंतवून, त्याच जागेवरून ट्रॉली काढून पाहावी. उतारावर आधी रिकाम्या आणि मग अर्ध्या भरलेल्या ट्रॉलीसह, खालच्या गिअरमध्ये, ब्रेकची परीक्षा घ्यावी. न्यूट्रल करून उतार कधीही उतरू नये, प्रात्यक्षिकातही नाही. चार ते बारा किलोमीटर वेगाच्या टप्प्यात किती गिअर मिळतात हेही तेव्हाच कळते, आणि चढावर व मऊ रानात भरलेली ट्रॉली ओढायला तेच गिअर लागतात.

पैसे आणि कागद

एकाच मॉडेलच्या टू व्हील आणि फोर व्हीलमधला फरक साधारण एक ते दीड लाखाचा असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के आणि ट्रॅक्टरच्या टायरांवरील १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, त्यामुळे त्याआधीची कोटेशन तुलनेला धरू नयेत. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून कृषी यांत्रिकीकरणाचे अनुदान घ्यायचे असेल, तर पूर्वसंमती मिळाल्यावरच खरेदी करावी. आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही. कारखान्याच्या उचलीवर हप्ता ठरवण्याआधी करार वाचावा, आणि हंगाम लवकर संपला तरी हप्ता फिटेल एवढेच कर्ज घ्यावे.

ट्रॉलीची नोंदणी आणि विमा ट्रॅक्टरपासून स्वतंत्र असतो. दुसऱ्याचा ऊस भाड्याने वाहणार असाल, तर तो वापर विमा पॉलिसीत समाविष्ट आहे का हे कंपनीकडून लेखी घ्यावे, कारण शेतीच्या नावावर घेतलेल्या पॉलिसीवर भाड्याच्या वाहतुकीतल्या अपघाताचा दावा वादात सापडतो. आरसीवरच्या वजनापेक्षा अधिक भार वाहिल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.

ट्रॅक्टर ताब्यात घेताना ट्रॉल्यांच्या मागे लाल रिफ्लेक्टर, दोन्ही बाजूंना परावर्तक पट्ट्या आणि चालू टेललाइट बसवून घ्यावेत. रात्री रस्त्याकडेला उभी असलेली उसाची अंधारी ट्रॉली मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसत नाही, आणि वाढ्यांनी झाकलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा असतो, म्हणून तो भाराच्या खाली लोंबणाऱ्या उसाच्या टप्प्याबाहेर, चेसीच्या पातळीवर लावावा. पहिल्या काही खेपांनंतर चाकांचे आणि पुढच्या एक्सलचे नट पुन्हा आवळावेत, आणि पुस्तिकेत सांगितलेल्या पहिल्या सेवेच्या वेळी इंजिनच्या तेलाबरोबर पुढच्या एक्सलचे आणि दोन्ही हबांचे तेलही बदलल्याची नोंद सर्व्हिस बुकात करून घ्यावी.